आमचे माढ्याचे खासदार

2009 पर्यंत वडूजच्या माणसाचं माढ्याशी काही देणंघेणं नव्हतं. दहिवडी, म्हसवड, अकलूज, टेंभुर्णी करत तिथं पोचायचं, आणि सोयरीक नसेल तर जायचं तरी कशाला? पण मतदारसंघांची फेररचना झाली, माण विधानसभेबरोबर आम्हीही माढा लोकसभेत गेलो आणि सातारा जिल्ह्यात बसून सोलापूरकडच्या नावानं मत टाकू लागलो. नव्या मतदारसंघाला पहिलाच खासदार मिळाला तो थेट शरद पवार! कुरकुरायलाही जागा उरली नाही.

साहेबांचा आणि दिल्लीचा संसार तसा उशिरानंच स्थिरावला. 1967 ला आमदार, 1978 ला मुख्यमंत्री, 1984 ला लोकसभेत. पण वर्ष उलटायच्या आत पुन्हा विधानसभेत. 1991 ला परत दिल्ली, संरक्षणमंत्रिपद, आणि 1993 ला परत मुंबई. सासरी जरा रुळतंय तोवर मुऱ्हाळी दारात, असं दोनदा झालं. 1996 नंतर मात्र ते तिथलेच झाले. पुढं विरोधी पक्षनेते, मग दहा वर्षं कृषिमंत्री. लोकसभेला कधीही न हरलेला हा माणूस 2004 ला हरला तो क्रिकेट मंडळाच्या निवडणुकीत, तेही एका मतानं. मतमोजणीची खरी धास्ती कुठं असते, ते यावरून कळावं.

2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर धोनीच्या हातात विश्वचषक दिला तो आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या खासदारांनी. साऱ्या जगाला तिथं धोनी दिसत होता. आमच्याकडं टीव्हीसमोरच्या घोळक्यातून आवाज आला, "आपलं साहेब बघ!" आणि मागनं दुसरा, "येरळंला पाणी कवा येनार, इचार की तेवढं."

हा दुसरा आवाज वडूजात कायमचा. येरळा नदीत पाणी आणायच्या जिहे-कठापूर योजनेचं नाव इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. करंडक असो, कर्जमाफी असो, बोलणं फिरून पाण्यावरच येतं. दिल्लीला असं टोकायचा हक्क या गावाचा जुना आहे. 'चले जाव'च्या दिवसांत, 9 सप्टेंबर 1942 ला, इथल्या कचेरीवर चाललेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि परशुराम घार्गे व त्यांचे सोबती पडले. त्या गावानं खासदाराला पाण्याचं विचारू नये, तर मग कुणी विचारावं?

पण साहेबांची खरी पुण्याई वेगळीच. त्यांना माणसांची नावं लक्षात राहतात, अशी ख्याती. त्यामुळं आमच्याकडं दर पारावर एक तरी म्हातारा असा भेटतो, ज्याला साहेबांनी भर गर्दीत नावानं हाक मारलेली असते. ती हाक कधी दहिवडीच्या सभेत पडते, कधी फलटणच्या लग्नात. सांगताना जागा बदलते, हाक तीच. त्याच्या सुनेला विचारलं तर ती पदर सारखा करत म्हणते, "हं, मारली असंल." इतकी मंत्रिपदं एकीकडं आणि ती हाक एकीकडं. म्हाताऱ्याला तोलायला सांगितलं, तर पारडं कुठं झुकेल ते मी सांगायला नको.

2014 ला साहेब राज्यसभेत गेले. 2019 ला पुन्हा माढ्यातून उभं राहतो म्हणाले आणि मग घरातलं कुणीतरी थांबायला हवं म्हणून मागं सरले. वडूजात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. म्हणजे तसं कुणी कबूल केलं नाही. बातमी आली त्या सकाळी चहाच्या टपरीवर जो तो सांगत होता, "मला आधीच ठावं हुतं."