निकषात न बसणारा लॅपटॉप

सपोर्ट बंद होणं म्हणजे काय, हे रेणापूरला कुणी शिकवायची गरज नाही. गोपीनाथ मुंडे जिथून पहिल्यांदा 1980 साली आमदार झाले आणि 1995 साली थेट उपमुख्यमंत्रिपदावर पोचले, तो रेणापूर मतदारसंघ 2009 च्या निवडणुकीआधी पुनर्रचनेत गुंडाळला गेला. तालुक्यावर ‘लातूर ग्रामीण’ नावाची नवी आवृत्ती चढली. मतदारांना साधं रिस्टार्टसुद्धा मारावं लागलं नाही.

त्यामुळे 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 वरून हात काढून घेतला, तेव्हा इथल्या सेवा केंद्रात कुणी हंबरडा फोडला नाही. 2015 साली कंपनीच्याच माणसानं ‘ही शेवटची विंडोज’ असं सांगितलं होतं म्हणे. पण दर पाच वर्षांनी ‘माझी ही शेवटची निवडणूक’ ऐकणाऱ्या तालुक्याला त्याचं काय नवल!

सेवा केंद्रातला लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीचा. बॅटरी मेलेली, म्हणून चार्जर कायम खोचलेला. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यापासून मात्र गडी तरतरीत आहे. पानगाव-खरोळ्याकडचे सातबारे, पीकविमा, फार्मर आयडी, सगळं ह्याच्याच जिवावर. विंडोज 11 साठी कंपनीचं तपासणीचं ॲप चालवलं, तर निकाल आला : अपात्र. टीपीएम नावाची सुरक्षेची सोय बायोसमध्ये शिरून चालू केली. तरी प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, ही अट राहिलीच. माणसाच्या पिढ्यांचे पुरावे काढायला निदान हैदराबाद गॅझेट तरी आहे. इंटेलच्या पिढीची नोंद कुठल्या दप्तरात शोधायची?

गंमत पुढंच आहे. विंडोज 10 बंद होण्याच्या आठवडाभर आधी, 7 ऑक्टोबरला, सरकारनं अतिवृष्टीसाठी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पीकनुकसानीपोटी कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, मर्यादा 3 हेक्टर. त्यात आपण बसतो का, हे बघायला माणसं ह्याच लॅपटॉपपुढं रांगेत. म्हणजे कोण पात्र, ते अपात्र यंत्र सांगणार.

रांगेतल्या मामांनी केंद्र चालवणाऱ्या पोराला विचारलं, “चालतंय ना रं ते?”

“चालतंय की मामा.”

“मग बंद कुणी केलं?”

“अमेरिकेनं.”

“पंचनामा न करताच?”

पोराकडं उत्तर नव्हतं. उपाय मात्र होते. पेन ड्राइव्हवरून अट चुकवून 11 चढवता येते, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. वाळूच्या ट्रॅक्टरसारखं, पकडेपर्यंत चालवायचं. लिनक्स मिंट फुकट आणि अंगानं हलकी, पण अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोजवाचून हलेना. अंगठा नाही तर सेवा केंद्र कसलं?

उरली मुदतवाढ. कंपनीच्या खात्यात साइन-इन करून सेटिंग्ज तिच्या हवाली केल्या की सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत फुकट; नाहीतर 30 डॉलर मोजा. ‘मुदतवाढ’ म्हटल्याबरोबर मामांचा चेहरा खुलला.

“केवायसी लागंल का?”

“खातं काढावं लागंल.”

“अंगठा?”

“अंगठा नाही लागत.”

“मग त्याचं काय बी घाईचं नाही. आधी माझं बघ.”