बिचारी बॅटरी

सकाळी ट्रक सुरू झाला नाही की निकाल तयारच असतो: बॅटरी गेली. फिर्यादी ड्रायव्हर, साक्षीदार क्लीनर, न्यायाधीश शेठ. आरोपीच्या बाजूने बोलायला कोणी नाही. माझे मेव्हणे कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहेत, त्यामुळे असे बरेच खटले मी जवळून पाहिले आहेत. ट्रकची वायरिंग 24 व्होल्टची, म्हणजे 12 च्या दोन बॅटऱ्या. शिक्षाही जोडीनेच होते.

खरा गुन्हेगार पट्ट्यावर गरगरत मोकळा फिरत असतो: अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजमधला डायनॅमो. चार्जिंगचा लाल दिवा त्याच्याविरुद्ध केव्हापासून ओरडत असतो. एका ड्रायव्हरने त्या दिव्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलं होतं. "दिवा सारखा डोळ्यात जायचा," तो म्हणाला. विघ्नहर्त्याच्या पोटात विघ्न लाल होऊन जळत होतं.

ड्रायव्हर लोकांची तपासणीची एक खास रीतही आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार उपसायची. गाडी बंद पडली नाही तर डायनॅमो पास. बॅटरीचा आधार असा अचानक सुटला की व्होल्टेज उसळतं आणि डायोड जागीच गतप्राण होतात. डायनॅमो तपासणीत पास होतो आणि तपासणीनेच मरतो.

मिस्त्रींचं काम निराळं. तोंडात तंबाखूचा बार असल्याने ते फारसं बोलत नाहीत. आधी स्क्रूड्रायव्हरने बॉडीवर आडवी खूण ओरखडतात, म्हणजे खोललेले दोन्ही भाग पुन्हा तसेच बसावेत. मग झिजलेले कार्बन निघतात, काळी भुकटी सांडते. रोटरच्या दोन रिंगांमध्ये मीटर थोडे ओहम दाखवतो. रिंग आणि बॉडी यांच्यात मात्र त्याने गप्प राहायला हवं. मग सहा मोठ्या डायोडची पाळी. टेस्ट लॅम्प एका बाजूने लावला तर पेटायला हवा, तारा उलटवल्या तर विझायला हवा. डायोड म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमन: एकीकडून सलाम, दुसरीकडून हटकणार. दोन्हीकडून पेटला तर डायोड शॉर्ट, म्हणजे बॅटरी रातोरात रिकामी. दोन्हीकडून विझलेलाच राहिला तर ओपन, चार्जिंग कमी.

"हा एक गेलाय," मिस्त्री अखेर पिंक टाकून म्हणतात.

"मग बॅटऱ्या?"

"चांगल्या आहेत. चार्ज करून लावा."

शेठचा चेहरा पडतो. नव्या बॅटऱ्यांचं बिल त्यांनी तक्रार न करता भरलं असतं. पण डायोड बदलण्याच्या मजुरीवर घासाघीस सुरू होते. "नुसतं तपासायचे एवढे पैसे?" आपल्याकडे बिल होतं ते वस्तूचं. ती वस्तू बदलायची गरज नाही, हे शोधणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावतात.

म्हणून ट्रकवाल्या बंधूंनो, दुकानात जाण्याआधी इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर मीटर लावा. 27 ते 28.5 दिसले तर डायनॅमो कामाला आहे. आकडा 24-25 वरच रेंगाळला तर पट्टा ताणून बघा, मग डायनॅमो खोला. 30 च्या वर गेला तर रेग्युलेटर बघा, नाहीतर बॅटरीचं पाणी आणि दिव्यांचे बल्ब दोन्ही उडतील. आणि मिस्त्रींना तपासण्याचे पैसे द्या; दोन बॅटऱ्यांपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडतात.