बॉयलरला अभिषेक

लेस्टरमधलं आमचं घर १८९८ सालचं आहे, हे एजंटानं इतक्या कौतुकानं सांगितलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. भिंती नऊ इंची, भरीव विटांच्या. मध्ये पोकळी नाही, म्हणजे त्यात ऊब धरणारं काही भरायची सोयच नाही. खोलीगणिक शेकोटीची जागा आणि तिच्यावर धुराडं. त्यातून धूर जाणं कधीच बंद झालं. वारा मात्र अजून नेमानं येतो.

घराबरोबर ते ऊबदार ठेवणारा एक म्हातारा बॉयलरही पदरी पडला होता. तो जानेवारीत गेला. जूनमध्ये गेलेला बॉयलर मी अजून ऐकलेला नाही.

नवा घ्यायचाच तर हीट पंप घ्या, असं जो तो सांगू लागला. हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. बाहेरच्या गार हवेतली ऊब गोळा करून घरात आणतो. एक युनिट वीज घातली की साधारण तीन युनिट ऊब, वर सरकारचे ७,५०० पौंड. माझ्यातला पुणेकर ताडकन उठून बसला. मग एक माहितगार घर बघून गेला. रेडिएटर मोठे लागतील, खिडक्या बदलाव्या लागतील, गरम पाण्याच्या टाकीला कपाटाएवढी जागा लागेल. तसं कपाट घरात एकच होतं आणि त्यात आम्ही देव मांडले होते. शिवाय वीज गॅसच्या जवळजवळ चौपट महाग, तेव्हा तिप्पट ऊब मिळवूनही हिशेब बरोबरीत सुटायचा नाही. "मार्चमध्ये बसवून देऊ," तो म्हणाला. आम्ही तिघं तेव्हा एका रजईत होतो. दोन दिवसांत गॅसचा कॉम्बी बॉयलर भिंतीवर चढला.

पुढच्या डिसेंबरात बाबा नातवाला बघायला आले आणि नातवाआधी त्यांनी बॉयलर बघून घेतला. त्यांच्या उमेदीची चाळीस वर्षं सदाशिव पेठेतल्या वाड्यात तांब्याच्या बंबासमोर गेलेली. पहाटे राख काढायची, करवंट्या नि ढलप्या पेटवायच्या, दर शनिवारी चिंचेनं घासायचा. आणि नियम एकच: तोटीतून बादली काढली की वरून बादली ओतायची. बंब कोरडा पडला की झाळ सुटते.

मी रेडिएटरची हवा काढत होतो. वरचा भाग गार लागला की आत हवा अडकलेली असते. इवल्याशा किल्लीनं स्क्रू सैल करायचा, फुस्स होतं, मग काळं पाणी येतं. ते गालिच्यावर पडायच्या आत फडकं धरायचं. मी बहुतेक वेळा पडल्यावर धरतो. हवा गेली की बॉयलरमधल्या दाबाचा काटा खाली येतो. तो एक ते दीड बारच्या दरम्यान हवा, म्हणून खालची नळी उघडून पाणी भरायचं.

"म्हणजे हाही बंबच," बाबा म्हणाले. "फक्त राख काढायची सोय नाही. उघड बघू झाकण."

"बाबा, गॅसच्या कामाला इथं नोंदणीवाला माणूसच लागतो. कायदा आहे."

"बंबाला कधी लागला नाही," म्हणून ते आतल्या खोलीत गेले.

नाताळाच्या आदल्या दिवशी पहाटे बॉयलर गुरगुरला आणि बंद पडला. या नव्या बॉयलरांतून सतत थोडं पाणी ठिबकतं. ते बाहेर नेणारा पांढरा पाइप गोठला होता. पुस्तकात लिहिलं होतं, पाइपवर कोमट पाणी ओता; उकळतं नको. मी किटली शोधेपर्यंत बाबा माकडटोपी, दोन स्वेटर आणि देवघरातला तांब्या घेऊन अंगणात. तान्ह्याच्या अंघोळीचं बघतात तसं पाणी मनगटावर बघितलं आणि संथ धार धरली. ओठ हलत होते. मला वाटलं रुद्र म्हणतायत. जवळ गेलो तर पाइप घराबाहेरून नेणाऱ्या कारागिराला अस्सल पेठी शिव्या चालल्या होत्या.

अकराव्या तांब्याला आत घरघर झाली आणि बॉयलर लागला. कुंपणापलीकडून शेजारच्या आजीबाई हे सगळं बघत होत्या. त्यांचाही पाइप गोठलेला. "तुमचे वडील आमच्याकडे येतील का?" त्यांनी अदबीनं विचारलं. बाबा तांब्यासकट गेले.

संध्याकाळी आजीबाईंकडून फळांचा केक आला. बाबांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. एक तुकडा संपवून त्यांनी दुसरा उचलला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी विचारत नाही. तूही सांगू नकोस."