एकांडा शिलेदार

पुण्यात एके काळी सायकल चालवायला कारण लागत नसे. दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून सगळेच चालवत. आता सायकल परवडायला चांगली नोकरी लागते.

आमच्या शिलेदारांना ती आहे. वय पंचेचाळिशीचं. 'शुगर काठावर आहे' असं डॉक्टर म्हणाले आणि घरात सायकल आली. पाठोपाठ हेल्मेट आणि बुडाशी गादी शिवलेली तंग चड्डी. सायकलची किंमत बायकोला निम्मी सांगितलेली असते. वाटेत कुणी विचारलीच, तर सायकल मित्राची असते.

दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायची बीआरएम नावाची सायकलफेरी एकदा पार पडली की यांना माणसांचा कंटाळा येतो. 'यंदा कोकण, सागरी मार्गाने, सोलो!' अशी घोषणा सोसायटी, कॉलेज आणि सासुरवाडी या तिन्ही ग्रुपांवर होते. यांना एकांत हवा असतो, पण तो त्यांना हवा आहे हे सगळ्यांना कळायलाही हवं असतं.

ताम्हिणी उतरेपर्यंत आयुष्य सुंदर असतं. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, हा समज घाटावरच्या माणसाचा. तो श्रीवर्धनच्या पुढे टिकत नाही. खाडी खाली, गाव सड्यापलीकडे. बागमांडल्याला फेरीबोटीत बसा, सावित्री ओलांडून वेशवीला उतरा, चढा. दाभोळला वाशिष्ठी ओलांडा, धोपाव्याला उतरा, पुन्हा चढा. तवसाळहून जयगडला गेलात तरी तेच. अख्ख्या प्रवासात खात्रीची सपाट जागा एकच, फेरीबोटीचा डेक. तिथे सायकल चालवू देत नाहीत.

मन रस्त्याच्या बरोब्बर उलटं चालतं. चढावर शिलेदार सायकल मिळेल त्या किमतीला विकून टाकतात, उतारावर कन्याकुमारीचा बेत आखतात. हे सगळं मनातल्या मनात, कारण ऐकायला कुणी नसतं. सोलो म्हणजे काय, ते इथे पहिल्यांदा लक्षात येतं. मग ते सायकलशी बोलू लागतात. (ती निदान मध्ये बोलत नाही.)

गुहागरच्या अलीकडे पंक्चर होतंच. ट्यूब बदलणं व्हिडिओत पाहून पाठ असतं, फक्त व्हिडिओतला माणूस उन्हात बसलेला नसतो. पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड यांच्या बारीक फ्रेंच व्हॉल्व्हला बसत नाही. 'ह्यात हवा शिरते कुठून?' तो कौतुकाने विचारतो. दोन्ही जुळवणारं पितळी अडॅप्टर पुण्यात, ड्रॉवरमध्ये. एवढ्यात शेजारच्या घरातल्या आजी पाण्याचा तांब्या नि कोकम सरबत घेऊन येतात आणि साऱ्या गावाच्या वतीने विचारतात, "एकटेच? घरात भांडून आलात काय हो?"

रात्री तिन्ही ग्रुपांवर सूर्यास्ताचा फोटो पडतो. खाली ओळ: 'स्वतःच्या शोधात.' पंक्चरवाला, आजी आणि शेवटचे अकरा किलोमीटर सायकलसकट लिफ्ट देणारा टेम्पोवाला फोटोत नसतात.

तरीही असे कुणी गृहस्थ चढावर दिसले तर गाडी हळू करा, पाणी विचारा, सायकलची किंमत मात्र विचारू नका. आणि 'चढ अजून किती?' असं त्यांनी विचारलं तर कोकणी माणसासारखं 'हा काय, संपलाच!' म्हणू नका. त्यांना ते खरं वाटतं.