आहे, पण बाहेर गेलीये

अमेरिकेतल्या ब्लॉकबस्टर कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये एक योजना काढली होती. सिनेमा घरबसल्या इंटरनेटवर निवडायचा. डीव्हीडी टपालाने घरी येणार. बघून झाली की ती पुन्हा टपालात टाकायच्या ऐवजी जवळच्या ब्लॉकबस्टरच्या दुकानात नेऊन द्यायची आणि तिथल्या तिथे दुसरी डीव्हीडी फुकट उचलायची. योजनेचं नाव 'टोटल अ‍ॅक्सेस'. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, नेटफ्लिक्सवाल्यांच्या पोटात गोळा आला. अडचण एकच होती. फुकट दिलेल्या डीव्हीडीचा भुर्दंड कंपनीच्याच डोक्यावर बसत होता. २००७ मध्ये वरचा साहेब बदलला, नव्या साहेबाने दर वाढवले, आणि २०१० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ही कल्पना त्यांनी आमच्या पुण्यातल्या एरंडवण्यातून उचलली असं माझं म्हणणं नाही. पण त्याच सुमाराला आम्हीही हेच करत होतो, सिनेमा इंटरनेटवर निवडायचा आणि डीव्हीडी दुकानातून आणायची, आणि आमच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्या काकांना त्यात कधी खोट आली नाही. कारण फुकट हा प्रकारच त्यांच्या दुकानात नव्हता.

दुकान म्हणजे एका जुन्या बंगल्याचं गॅरेज. शटर कायम अर्ध्यावर, त्यामुळे आत शिरताना प्रत्येक गिऱ्हाईक आपोआप वाकून काकांना नमस्कार केल्यासारखं यायचं. आत कडप्प्याच्या फळ्या. काकांनी धंदा सुरू केला तो एशियाडनंतर, म्हणजे १९८२ नंतर घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले तेव्हा. त्या काळात कॅसेटबरोबर व्हीसीआरही भाड्याने न्यावा लागे आणि एका रात्रीत तीन सिनेमे बघून भाडं वसूल करणं हा कुटुंबधर्म होता. पुढे व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी. काकांनी कव्हरं काढून प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या जाडजूड अल्बमांत लावली आणि तबकड्या आपल्या पाठीमागच्या खणांत ठेवल्या. आपण अल्बम चाळायचा, बोट ठेवायचं, काका मान न वळवता हात मागे नेऊन नेमका तो खण उघडायचे. अल्बम तीन होते: हिंदी, इंग्लिश आणि 'इतर'. मराठी सिनेमे 'इतर'मध्ये, इराणी आणि जपानी सिनेमांच्या शेजारी. यावर एकदा एका आजोबांनी तात्त्विक हरकत घेतली होती. काका म्हणाले, "अहो, तिथे निवांत असतात ते. हिंदीत घातले तर कुणी बघणार नाही."

अशात आमच्याकडे ब्रॉडबँड आलं आणि मला आयएमडीबीचा शोध लागला. जगातल्या झाडून सगळ्या सिनेमांची ही वही कॉल नीडहॅम नावाच्या एका इंग्लिश संगणकवाल्याने १९९० मध्ये, सिनेमाच्या याद्या करण्याच्या हौसेतून सुरू केली. पुढे १९९८ मध्ये ती अ‍ॅमेझॉनने विकत घेतली. तोवर मला सिनेमा म्हणजे अल्बमात असतो तेवढाच, असं वाटायचं. आता कळलं की एका दिग्दर्शकाचे तीस-तीस सिनेमे असतात आणि आपण त्यातला जेमतेम एक पाहिलेला असतो. रात्र रात्र मी एका नावावरून दुसऱ्या नावावर उड्या मारत राही. पाठकोऱ्या कागदावर यादी वाढत जाई. शनिवारी संध्याकाळी ती घडी घालून खिशात आणि स्वारी गॅरेजकडे.

काका यादी हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवत. चष्मा लांबचा होता, पण यादी बघताना त्यांचा चेहरा डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन बघावं तसा व्हायचा. मग बोट खाली सरकत जाई. "हा नाही. हा नाही. हा आहे, पण बाहेर गेलीये. हा कुणी नेत नाही म्हणून देऊन टाकला. हा... हा काय आहे?" तो होता सिडनी लुमेटचा '१२ अँग्री मेन', १९५७ चा. मी गोष्ट सांगितली. बारा जण एका खोलीत, खुनाचा खटला, अकरा एकीकडे आणि एक दुसरीकडे. काकांचा हात मागे गेला आणि समोर आला तो बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला', १९८६ चा. "तेच आहे. शिवाय समजतं."

इथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. आयएमडीबी मला सिनेमांची नावं शिकवत होती, काका त्यांचे गोत्र-प्रवर सांगत होते. 'इट हॅपन्ड वन नाइट' मागितला तर त्यांनी राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' पुढे केला आणि, "तरुण मंडळी असतील तर 'दिल है कि मानता नहीं' न्या, गोष्ट एकच" अशी पुस्तीही जोडली. १९३४, १९५६ आणि १९९१ अशा तीन पिढ्या त्यांनी काउंटरवर एका ओळीत मांडल्या. 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' म्हटलं की 'सत्ते पे सत्ता'. 'मिसेस डाउटफायर' म्हटलं की 'चाची ४२०'. उलट्या दिशेनेही हे चालायचं. एका मावशींनी शांतारामबापूंचा 'पिंजरा' मागितला तेव्हा मी नुकत्याच मिळवलेल्या ज्ञानाच्या तोऱ्यात म्हणालो, की हा १९३० च्या जर्मन 'ब्लू एंजेल'वरून घेतलाय. मावशींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी तमाशाच्या फडात जर्मन व्याकरण शिकवायला उभा राहिलोय. काकांनी मात्र वहीच्या मागच्या पानावर नाव टिपून घेतलं. "ब्लू... एंजेल. असली तर बघू. कुणी मागितलं तर 'पिंजरा' देता येईल."

आमच्या भागाचं एक वैशिष्ट्य होतं. लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि जवळच १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. त्यामुळे काकांच्या काउंटरवर एका बाजूला 'हम आपके हैं कौन' पुन्हा न्यायला आलेलं जोशी कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला तारकोव्हस्की मागणारा दाढीवाला मुलगा, असं दृश्य नेहमीचं. या मुलांकडून काका बरंच ऐकून होते. कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' कुणाला द्यायचा असला तर ते सांगत, "जपानी आहे, काळापांढरा आहे, तीन तासांच्या वर आहे. पण घाबरू नका, याचंच पुढे अमेरिकेत 'मॅग्निफिसंट सेव्हन' झालं आणि आपल्याकडे 'शोले'त उतरलं." एवढ्या एका वाक्यावर जोशी कुटुंबाने 'सेव्हन सामुराई' नेला. सोमवारी परत करताना जोशीकाकू म्हणाल्या, "गब्बर कुठे होता?"

आता काकांच्या शिफारशीबद्दल. सिनेमा सुचवणं ही किती मोठी गोष्ट आहे हे नेटफ्लिक्सने २००६ मध्ये जगाला दाखवून दिलं. गिऱ्हाइकाला काय आवडेल याचा अंदाज आमच्यापेक्षा दहा टक्क्यांनी अचूक बांधून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा, अशी दवंडी त्यांनी पिटली. जगभरचे गणिती कामाला लागले आणि सप्टेंबर २००९ मध्ये बक्षीस दिलं गेलं. जिंकलेली सगळी गुंतागुंतीची कृती कंपनीने पुढे पूर्णपणे वापरलीच नाही, ती गोष्ट वेगळी. दहा लाख डॉलर ऐकून काका क्षणभर गप्प झाले, आणि मग त्यांनी मला भरत जाधवचा एक सिनेमा दिला.

त्यांचा अंदाज अचूक होता असं मात्र मी म्हणणार नाही. व्हिडिओ लायब्ररीवाला माणसं ओळखायचा, मन ओळखायचा, अशी हळवी वाक्यं हल्ली फार ऐकू येतात. आमचे काका मन वगैरे ओळखत नव्हते. ते खण ओळखत होते. शनिवारी नवा सिनेमा हवा असतो वीस जणांना आणि प्रती असतात दोन. उरलेल्या अठरा जणांना रिकाम्या हाती घालवायचं नसेल तर खणात पडून असलेलं काहीतरी त्यांच्या गळ्यात मारावं लागतं. "त्यापेक्षा हा बघा" हे काकांचं वाक्य या गरजेतून जन्माला आलं होतं. गंमत म्हणजे नेटफ्लिक्सचं टपालाच्या काळातलं शिफारशीचं यंत्रही मुळात याच पोटदुखीवरचा उतारा होता. नव्या सिनेमाच्या प्रती कमी पडत, म्हणून लोकांचं लक्ष जुन्या आणि हाताशी असलेल्या सिनेमांकडे वळवायचं. म्हणजे कॅलिफोर्निया असो की एरंडवणा, सुचवणाऱ्याच्या पाठीमागे एक न हललेला माल असतोच. फरक एवढाच की काकांचा माल मला दिसत होता. खणावरची धूळही दिसत होती, आणि शिफारस करताना काका धूळ पुसत होते.

उशिराच्या दंडाचंही तसंच. नेटफ्लिक्सची जन्मकथा अशी सांगितली जायची की रीड हेस्टिंग्जला 'अपोलो १३' उशिरा परत केल्याबद्दल चाळीस डॉलर दंड झाला आणि त्या रागातून कंपनी निघाली. त्यांचे भागीदार मार्क रँडॉल्फ यांनी पुढे सांगितलं की ही सांगायला सोयीची गोष्ट आहे, सगळं काही असं घडलं नव्हतं. मला तर ती कधीच पटली नव्हती. दंड झाल्यावर माणूस कंपनी कशाला काढेल? तो घासाघीस करेल. "काका, गुरुवारी लाइट नव्हते" हे आमचं हुकमी कारण होतं. पुण्यात गुरुवारी वीज जाते हे काकांनाही ठाऊक होतं. "गुरुवार सोडला. शुक्रवारचं काय?" मग शुक्रवारी पाहुणे येत. शेवटी निम्म्यावर तडजोड व्हायची आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटायचं. ज्यांनी दंडच रद्द केला त्यांनी आमची ही करमणूकही काढून घेतली.

डिपॉझिट मात्र घासाघिशीच्या पलीकडचं. सभासद होताना पाचशे रुपये रोख, वहीत नोंद, पावती मागितली तर चेहऱ्यावर दुःख. "पळून का जाणार आहे मी? गॅरेज घेऊन?"

आपल्याकडेही मोठ्या भांडवलाने इंटरनेट आणि दुकानाचा हा संगम साधून पाहिला. २००८ मध्ये रिलायन्सचं बिगफ्लिक्स आलं. त्यांची शहरांत दुकानंही होती आणि घरबसल्या निवडायची सोयही. सेव्हंटीएमएम कंपनीचा पोरगा मोटारसायकलवरून डीव्हीडी घरी आणून देई. त्याआधी २००७ पासून मोझर बेअर कंपनीच्या व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकत मिळू लागल्या होत्या. रात्रीच्या भाड्यात सिनेमा कायमचा घरी येत असेल तर तो परत करायला कोण जाणार? काका या सगळ्यांना नुसते 'ते लोक' म्हणत. दुकानात आधी मोबाइलचं रिचार्ज आलं, मग झेरॉक्स, मग पासपोर्ट साइझ फोटो. अल्बम वरच्या फळीवर गेले. एका मे महिन्यात शटर पूर्ण खाली आलं आणि कुणालाच वाकायला लागेना.

सिअ‍ॅटलला स्केअरक्रो व्हिडिओ नावाचं दुकान आहे. १९८८ चं. २०१४ पासून ते सेवाभावी संस्था म्हणून चालतं, सव्वा लाखाहून जास्त सिनेमे आहेत, यादी इंटरनेटवर बघा आणि टपालाने मागवा, असा कारभार. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या टपालाच्या लाल पाकिटांना रजा दिली, पण हे दुकान अजून पाकिटं पाठवतं आहे. मी त्यांची यादी कधी कधी नुसतीच चाळतो. भाड्याने काही घेत नाही. परवडणारही नाही, आणि गुरुवारच्या लाइटचं कारण त्यांना कसं समजावणार?

आताच्या अ‍ॅपांचं मला एकच खटकतं. त्यांच्याकडे एखादा सिनेमा नसला तर ते 'नाही' असं म्हणत नाहीत. नाव टाइप केलं की त्याच्यासारखे म्हणून वीस भलतेच सिनेमे हारीने उभे करतात आणि मूळ प्रश्नाला बगल देतात. काकासुद्धा दुसरंच काहीतरी हातात द्यायचे, पण आधी "नाही" म्हणायचे. कधी कधी दोनदा म्हणायचे.

काका सध्या कर्वेनगरात मुलाकडे असतात. फोन करतात. कुठल्या अ‍ॅपवर काय आलंय आणि काय या महिनाअखेर निघून जाणार, हे त्यांना पाठ असतं. माझी यादी अजून तयार होते, आता फोनमध्येच, आणि ती मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. उत्तर येतं, त्यात पहिल्या तीन नावांपुढे फुली असते आणि खाली एक नाव, जे मी मागितलेलं नसतं.

परवा त्यांनी स्वतःच फोन केला. "तुमच्याकडे ते नेटफ्लिक्स आहे ना? एक सिनेमा बघायचाय. पासवर्ड द्या."

मी सांगितलं, की आता तसं चालत नाही, २०२३ पासून त्यांनी एका घराचं खातं एकाच घरात, असा नियम केलाय.

"एका रात्रीपुरता द्या हो. सकाळी परत करतो."

"पासवर्ड परत कसा करणार, काका?"

"बरं, मग डिपॉझिट ठेवून घ्या," काका म्हणाले. "तुमचे पाचशे आहेतच माझ्याकडे."