आंतरजालना

आंतरजालना हा शब्द कोणत्याही कोशात नाही. असता तर कोशाचे काही बिघडले नसते. जालना जिल्ह्यातील घर आणि जगभर पसरलेले आंतरजाल यांचा सांधा जिथे जुळतो, त्या जागेला हे नाव शोभते. ही जागा साधारणपणे चार्जरची वायर पुरते तिथपर्यंत असते. जालना हे नाव एका धनिक मुसलमान विणकरावरून, म्हणजे जुलाह्यावरून पडले, अशी जुनी समजूत आहे. ती खरी मानली, तर विणण्याशी या गावाचे नाते इंटरनेटच्या कितीतरी आधीचे ठरते. भाषाशास्त्रज्ञ अशी व्युत्पत्ती ऐकली की चष्मा काढून पुसू लागतात.

जिल्हा मात्र तरुण आहे. औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तालुके घेऊन तो १ मे १९८१ रोजी झाला. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चे आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा. राज्य, जिल्हा आणि ज्ञानकोश या तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि तो सुट्टीचा असतो. त्या दिवशी जालन्याच्या गच्चीवर यांपैकी कोणाचाही विषय निघत नाही, कारण तिथे कुरडया वाळत असतात.

घरगुती आनंदांमध्ये पहिला मान पाण्याचा. ज्या गावात नळ रोज येतात, तिथे पाणी ही फक्त सोय असते. जिथे ते काही दिवसांनी येतात, तिथे त्याचा सण होतो. ‘नळ आले’ हे दोन शब्द ऐकताच आंघोळीला बसलेला, पूजेला बसलेला आणि कोणाच्या तरी समाचाराला आलेला असे तिघेही उठतात. पिंप, हंडे, बादल्या, कळशा आणि शेवटी वाट्यासुद्धा भरल्या जातात. सगळे भरून झाल्यावर पाणी आणखी पाच मिनिटे टिकले, तर अंगण धुतले जाते. ही पाच मिनिटे ऐश्वर्याची. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण रचणाऱ्याने असेच एखादे धुतलेले अंगण पाहिले असावे. दुसरा आनंद लाईट आल्याचा. कूलरचा पंखा पुन्हा फिरू लागतो, घरातील सर्वजण एकदम ‘आली’ म्हणतात, आणि ती जाताना चाललेले भांडण कुठवर आले होते, हे कोणालाच आठवत नाही.

तिसरा आनंद कुरडयांचा, आणि तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. गहू तीन दिवस भिजत घालतात, पाणी रोज बदलतात. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढतात. रात्रभरात चीक खाली बसतो. पहाटे वरचे पाणी ओतून देऊन तो शिजवायला घेतात. तो घाटताना हात थांबला की गाठी होतात आणि त्या गाठी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काढल्या जातात, म्हणजे बोलण्यात. शिजलेला चीक सोऱ्यात भरून ऊन चढायच्या आत जुन्या धोतरावर किंवा पातळावर कुरडया घालतात. पण खरा आनंद तळलेल्या कुरडईत नसून त्या पहाटे वाटीत मिळणाऱ्या गरम चिकात आहे. कोणी त्यावर दूध-साखर घेते, कोणी तेल. कुरडया दहा घरी वाटल्या जातात. चीक ज्याच्या घरी शिजला त्यालाच मिळतो.

कुरडया घालून झाल्या की राखणदार नेमावा लागतो. हे पद घरातील सर्वांत रिकाम्या माणसाकडे जाते, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा घरात असला की निवडणूक बिनविरोध होते. त्याला जिन्याच्या वरच्या पायरीवर, सावलीत, एक काठी देऊन बसवतात. मोबाईल तो स्वतः आणतो. जिल्ह्यातील आंतरजालीय शोधांपैकी मोठा भाग याच पायरीवर लागतो, यात शंका घेण्याचे कारण नाही. नजर कुरडयांवर ठेवायची असते, म्हणून ती फोनवर ठेवली जाते.

पहिला शोध बहुधा स्वतःच्याच छपराचा. आकाशातून घेतलेले पृथ्वीचे चित्र फोनवर मिळते, हे कळल्यावर माणूस हिमालय किंवा ॲमेझॉनचे जंगल पाहत नाही. तो कुंडलिका नदी शोधतो, नदीवरून जुना जालना आणि नवा जालना वेगळे करतो, मग आपली गल्ली आणि शेवटी पाण्याची काळी टाकी. टाकी सापडली की घरात हाक जाते. चित्रात गच्चीवर एक पांढरा चौकोन दिसतो. ते मागच्या वर्षीचे कुरडयांचे धोतर आहे, असे आजीचे मत. तो चुना आहे, असे वडिलांचे. जो माणूस गच्चीवर बसून तीच गच्ची आभाळातून पाहतो, त्याची स्थिती अद्वैताच्या बरीच जवळ गेलेली असते. फरक एवढाच की चित्रात कावळा दिसत नाही. प्रत्यक्षात तो दुसऱ्या रांगेपर्यंत आलेला असतो.

आजीचा मार्ग वेगळा. तिला टाइप करायचे नसते, म्हणून ती फोनशी बोलते, आणि तेही दूरच्या नातेवाइकाशी बोलावे तसे मोठ्याने. मराठवाड्यात येसर हा घरोघरी माहीत असलेला पदार्थ आहे: धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळून ठेवलेले पीठ, ज्याची आमटी अचानक आलेल्या पाहुण्यांपुढे घराची अब्रू राखते. आजीने फोनला ‘येसर’ असे खणखणीत सांगितले, तेव्हा फोनने ते ‘येस सर’ असे ऐकले आणि इंग्रजी संभाषणाचे वर्ग दाखवले. “आपुन येसर म्हनलं तर ह्यो सलाम काहून ठोकतोय?” एवढाच आजीचा प्रश्न होता. दुसऱ्या खेपेला पदार्थ सापडला. करून दाखवणारी बाई शहरातली होती. आजीने तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, तीन चुका काढल्या आणि अत्यंत समाधानाने फोन परत दिला. दुसऱ्याच्या चुका घरबसल्या, चहा न पाजता पाहायला मिळणे हे आंतरजालाने घराला दिलेले मोठेच सुख आहे.

मोठे शोध मात्र ठरवून लागत नाहीत. धुळवडीला जालन्यात हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते. तिचे चित्र शोधायला निघालेला राखणदार हत्तीवरून हस्तिदंतावर आणि हस्तिदंतावरून थेट इटलीत पोहोचला. पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ मध्ये एका घरात सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. घडण भारतीय, ‘पाँपेईची लक्ष्मी’ या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि सध्या नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पुढचे वाक्य वाचून राखणदाराने काठी खाली ठेवली. अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्याच भोकरदनच्या उत्खननातही मिळाली आहे, आणि त्यामुळे पाँपेईची मूर्ती मूळ भोकरदनची असावी, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर असल्यामुळे काहींचे बोट वायव्येकडे वळते. घरात या वादाचा निकाल तत्काळ लागला: मूर्ती भोकरदनची.

भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातील भरभराटीचे गाव. तिथल्या दात्यांची नावे सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील लेखांत आली आहेत. वर्गणी दिली की नाव दिसले पाहिजे, या नियमाला जिल्ह्यात किमान दोन हजार वर्षांचा आधार आहे. गणेश मंडळांच्या फलकांवर नाव चुकले म्हणून रुसणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही. मूर्ती दागिन्यांनी मढलेली आहे; वस्त्रांबद्दल तसे म्हणता येत नाही. नेपल्समध्ये तिला ‘गुप्त दालना’त जागा मिळाली आहे. जालन्याच्या जिन्यात आजोबांची चाहूल लागली की तिला पुन्हा तिथेच जावे लागते.

हत्ती एकदा मागे लागला की सोडत नाही. स्कॉटलंडच्या एका जुन्या पलटणीच्या बिल्ल्यावर हत्ती आहे आणि त्याच्यासोबत एका गावाचे नाव आहे. ते गाव आफ्रिकेतले असेल, असे समजून पुढे गेलेला वाचक दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा त्याला कळते की ते असई आहे, म्हणजे मामाच्या शेतावर जाताना लागते ते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीची फौज आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा यांच्यात लढाई झाली. दोनच दिवस आधी बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी बसून बेत ठरवला होता. बदनापूरला त्यानंतर लोक मुख्यतः बस पकडण्यासाठी थांबले.

वेलस्लीला केळना नदी ओलांडायची होती. बरोबरच्या वाटाड्यांनी उतार नाही असे सांगितले. त्याने दुर्बिणीतून नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे पाहिली आणि ताडले की मध्ये उतार असलाच पाहिजे. तसा तो निघाला. समोरासमोरच्या दोन गावांत सोयरीक नसेल तर भांडण तरी असते, आणि दोन्हींसाठी नदी ओलांडावी लागते. एवढा समाजशास्त्राचा भाग त्या इंग्रजाला कसा कळला, हा प्रश्न राहतोच. लढाई त्याने जिंकली, पण त्याच्या बाजूची दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. पुढे हाच माणूस ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ मध्ये त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले, आणि तरीही आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारल्यावर त्याने असईचे नाव घेतले, असे सांगतात. आज फोनचा नकाशा घेऊन त्या भागात गेलेल्याला नकाशा एखाद्याच्या कपाशीत नेऊन सोडतो. टपरीवरचा माणूस “इकडून रस्ता नाही” म्हणतो, आणि यावेळी तो बरोबर असतो.

मोसंबीचा शोध त्या मानाने थोडक्यात संपतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. नोंदीत तिचे नाव ‘जालना स्वीट ऑरेंज’. म्हणजे आयुष्यभर मोसंबी म्हणून खाल्लेले फळ कागदोपत्री गोड संत्रे निघते, आणि मोसंबी हे नाव मोझांबिकवरून आलेले. आंबिया बहार धरायचा की मृग, यावर तीस वर्षे डोके चालवलेल्या आजोबांना ही बातमी दिली, तेव्हा त्यांनी भाव बदलला का, एवढेच विचारले.

शोध लागल्यावर तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावा लागतो; न टाकलेला शोध लागलेला धरत नाहीत. तिथे भोगवर्धनची लक्ष्मी दोन ‘शुभ सकाळ’ आणि गुडघेदुखीवरील एक उपाय यांच्यामध्ये येऊन बसते. पाच मिनिटांत सात नमस्कार येतात, कारण लक्ष्मी हा शब्द सर्वांनी वाचलेला असतो आणि बाकीचे कोणी नाही. ग्रुप सोडावासा अनेकांना वाटतो. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेले नारायण ठोसर, म्हणजे समर्थ रामदास, बाराव्या वर्षी लग्नमंडपात ‘सावधान’ ऐकताच निघून गेले, अशी परंपरा आहे. सगळे नातेवाईक हजर असताना बाहेर पडण्याचे ते धैर्य जिल्ह्यात नंतर फारसे दिसले नाही. लोक फार तर आवाज बंद करतात. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या. जिन्यावरचा राखणदार कोणत्या समासात बसतो, यावर घरात एकमत नाही. आजीला मध्ये कुठेतरी जागा दिसते.

दुपारपर्यंत धोतराची एक कड कावळ्याने आणि दुसरी खारीने मोकळी केलेली असते. मोजणी होते, चौदा कुरडया कमी भरतात. राखणदार नेपल्सचे नाव सांगतो. आजी विचारते की तो कावळा कुठला. पुढच्या पानावर पाँपेईत अंगणात पाणी कसे साठवत, याची माहिती सुरू झालेली असते, तेवढ्यात खालून आरोळी येते. नळ आले. फोन पालथा पायरीवर राहतो, बादली वाजते.