आवळासुपारीचं वाण

"आज्जी, तुझा बायस कोण?" असं नातीनं मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी चांगलीच दुखावले. सांगलीच्या शाळेत ३३ वर्षं गणित शिकवलं, पण एखाद्या पोराकडे माप झुकवलं असं आजवर कुणी म्हटलं नाही. आणि ही चौदा वर्षांची मुलगी, मी पोळ्या लाटत असताना, मला माझा पूर्वग्रह विचारते!

मग उलगडा झाला. कोरियन गाण्यांच्या दुनियेत बायस म्हणजे आवडता. एकेका गटात पाच, सात, नऊ, क्वचित तेरा मुलं असतात, त्यातलं आपल्या मनात भरलेलं एक. त्याच्यावरून आपलं मन ढळवणारं जे दुसरं असतं त्यालाही वेगळं नाव आहे, बायस रेकर. म्हणजे निष्ठा आहे, आणि निष्ठा ढळण्याची सोयही आहे. मी म्हटलं, "मला सगळे सारखेच." नात म्हणाली, "तसं सगळेच आधी म्हणतात."

२०२३ चा ऑगस्ट होता आणि मी लॉस एंजलिसला लेकीकडे होते. केकॉन नावाच्या मेळाव्याची शनिवारची तिकिटं कधीचीच काढलेली. ऐनवेळी लेकीला काम निघालं, जावई गावाला गेलेले. "आई, तू नुसती तिच्याबरोबर राहा. पुस्तक ने हवं तर." मी पुस्तक नेलं. ते पिशवीतून बाहेर काढलं नाही.

निघायच्या आधी आमच्या ह्यांना फोन केला. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून झाली, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न असतो, "संस्था कुणाची?" मी नातीला विचारलं. ती म्हणाली, सीजे. सीजे म्हणजे काय, ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं फोनवर शोधलं आणि मला वाचून दाखवलं. चेइल जेदांग. चेइल म्हणजे पहिला आणि जेदांग म्हणजे साखर तयार करणं. कोरियातलं युद्ध थांबलं त्याच वर्षी, १९५३ मध्ये, सॅमसंगच्या संस्थापकांनी बुसानला साखरेचा कारखाना काढला, त्याचं हे नाव. पुढे पीठ आलं, मसाले आले, सिनेमा आला, टीव्हीच्या वाहिन्या आल्या. ऑस्कर मिळवणारा 'पॅरासाइट' ह्याच घरचा. आणि २०१२ च्या ऑक्टोबरात ह्याच मंडळींनी कॅलिफोर्नियातल्या अर्वाइन गावी पहिलं केकॉन भरवलं. पहिल्याच खेपेला दहाएक हजार माणसं आली.

आमच्याकडे साखर कारखान्यातून दूध संघ निघतो, बँक निघते, इंजिनिअरिंगचं कॉलेज निघतं आणि आमदार निघतो. ह्यांच्या कारखान्यातून गाणी निघाली. हे फोनवर जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मळीचं काय करतात, तेवढं विचार."

दिवसा कन्व्हेन्शन सेंटरमध्ये जत्रा आणि रात्री शेजारच्या अरीनात मुख्य कार्यक्रम, असा बेत होता. आत शिरले आणि आधी रंगानंच गांगरले. निळे केस, गुलाबी केस, एका मुलीचे अर्धे अर्धे. मेक्सिकन, व्हिएतनामी, काळ्या, गोऱ्या, आपल्याकडच्या, सगळीकडून आलेल्या मुली. पोरंही होती, पण लग्नघरी जशी कोपऱ्यात पुरुषमंडळी असतात तशी. साडी नेसलेली मी एकटीच. पण गंमत अशी की तिथे माझ्याकडे वळून कुणी पाहिलं नाही. आमच्या गल्लीत मी नवी चप्पल घातली तरी तीन बायका विचारतात.

रांगेत उभी होते तोच एक अनोळखी मुलगी समोर आली. वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं, मला "हालमोनी" म्हणाली आणि मण्यांचं एक कडं माझ्या हातात ठेवलं. हालमोनी म्हणजे आजी, हे नातीनं सांगितलं. मुलगी मेक्सिकन घरातली होती, हाक कोरियन होती आणि कडं मराठी हातात होतं. मी पर्स उघडली. "किती झाले?" नातीनं माझा हात दाबला. "आज्जी, फुकट असतं ते. फ्रीबी. ती वाटतेय."

मग माझ्या लक्षात येत गेलं की सगळ्या रांगाभर हेच चाललंय. कुणी हातानं काढलेली चित्रं वाटतंय, कुणी स्टिकर, कुणी गटातल्या मुलाचा फोटो, एक गोळी आणि चिठ्ठी घातलेली बारीक पुडी. महिना महिना रात्री जागून मणी ओवायचे, पुड्या बांधायच्या आणि नावगाव न विचारता समोर येईल तिच्या हातावर ठेवायच्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, ह्या तर वाण लुटताहेत!"

नातीला लुटणं म्हणजे चोरी एवढंच माहीत. तिला सांगताना माझी पुरेवाट झाली. संक्रांतीला आपण बायका हळदीकुंकू करतो, येईल तिला काहीतरी वस्तू देतो, त्याला लुटणं म्हणतात. देणारीच म्हणते, मी लुटलं. "मग चोर कोण?" "कुणीच नाही." तिनं मान हलवली. मराठीत असं पुष्कळ आहे ह्याची तिला सवय आहे.

पण माझ्यापुढे पंचाईत वेगळीच होती. वाण घेतलं आणि मी रिकाम्या हाती! पर्स उपसली. चष्म्याचं घर, रुमाल, औषधाची पट्टी आणि तळाशी आवळासुपारीची पिशवी. आमच्या शेजारणीनं वाळवलेली, आलं आणि सैंधव लावलेली. त्यातल्या दोन फोडी कागदी रुमालात बांधून त्या मुलीच्या हातात दिल्या. तिनं विश्वासानं तोंडात टाकल्या. डोळे मिटले. खांदे कानापर्यंत गेले. मला वाटलं, झालं, आता हिच्या आईला काय सांगायचं? मग तिनं डोळे उघडले, मैत्रिणीला ओढून आणलं आणि हात पुढे केला. संध्याकाळपर्यंत माझी पिशवी रिकामी आणि मनगटावर सहा कडी.

जेवणाचं मात्र जमलं नाही. अधिक महिना सरून निज श्रावण लागून जेमतेम तीन दिवस झाले होते. त्तोकबोकी म्हणून एक प्रकार पाहिला. मोदकाच्या उकडीच्या कांड्या वळून लाल रश्शात सोडाव्यात तसा. जीव हरखला. नात म्हणाली, "आज्जी, रश्शात सुकी मासळी असते." मी बटाट्याच्या तळलेल्या काड्या खाल्ल्या.

एका मोकळ्या जागेत मोठं रिंगण धरलेलं होतं. त्याला रँडम प्ले डान्स म्हणतात. कुठल्याही गाण्याचं ध्रुपद अचानक सुरू होतं आणि ज्यांना ते येतं ते धावत मध्ये जातात. तीस सेकंदांत दुसरं गाणं, पहिले पळत बाहेर, दुसरे आत. एकमेकांना जन्मात न पाहिलेली चाळीस माणसं एकाच क्षणी एकच खांदा उडवतात. मी अर्धा तास जागची हलले नाही. बाहेर श्रावण, आत मंगळागौर! फक्त आमच्यात पुरुषांना मज्जाव असतो. इथे एक आडदांड, दाढीवाला, दंडभर गोंदलेला गृहस्थ मुलींच्या गटाचं गाणं असं काही ठुमकत नाचला की त्याच्या पिंग्याला मी मनातल्या मनात पहिला नंबर दिला.

आता जे पटलं नाही तेही सांगते. गाण्यांचा अल्बम घेतला की आत एक छोटा छापील फोटो निघतो, त्याला फोटोकार्ड म्हणतात. गटातल्या कुणाचा निघेल हे आधी कळत नाही. आपल्याला हवा तो निघेपर्यंत पोरी अल्बम घेत राहतात. नातीच्या खोलीत एकाच अल्बमच्या पाच तबकड्या आहेत आणि घरात तबकडी वाजवायचं यंत्र एकही नाही. नऊ जणांतून हवा तो एक निघण्याची शक्यता किती, हे मी तिला कागदावर मांडून दिलं. ही सरळ सरळ सोडत आहे आणि ती लहान मुलांच्या खाऊच्या पैशांवर चालते. तिनं कागद नीट वाचला, "बरोबर आहे," म्हणाली आणि सहावा अल्बम घेतला. त्या मुलांचंही तसंच. बारा-तेरा वर्षांची पोरं घर सोडून कंपनीत उमेदवारीला राहतात, वर्षानुवर्षं तालीम करतात आणि त्यातली बरीचशी रंगमंचावर कधी येतच नाहीत. गणित शिकवलेल्या माणसाला वजाबाकी दिसल्यावाचून राहत नाही.

संध्याकाळी ह्यांना भिंतीवरच्या पोस्टरचा फोटो पाठवला. तिकडे रविवारची सकाळ. लगेच फोन. "ही मुलं आहेत की मुली? ओठांना काय लावलंय?"

मी म्हटलं, नागठाणे आपल्याच जिल्ह्यात ना? नारायणराव राजहंस शालू नेसून उभे राहिले की पुढ्यातल्या लेकीसुना त्यांचा पदर, त्यांचा गजरा डोळ्यांत साठवून घरी न्यायच्या. पुरुषासारखा पुरुष, आणि बायकांनी बाईपण त्याच्याकडे बघून शिकायचं! तुमच्या आत्याबाई तर बालगंधर्वांच्या तसबिरीला रोज फूल वाहायच्या. म्हणजे तुमच्या घराण्यात बायस होताच. आणि १९२१ साली मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं, तेव्हा केशवराव भोसल्यांचे भक्त आणि गंधर्वांचे भक्त एका थिएटरात दाटीनं बसलेच ना? टिळक स्वराज्य फंडासाठी. नातीच्या भाषेत ह्याला कोलॅब म्हणतात.

हे म्हणाले, "ते वेगळं होतं." ते नेहमीच वेगळं असतं.

रात्री अरीनात दिवे मालवले आणि हजारो हातांत हजारो दिवे पेटले. प्रत्येक गटाचा दिवा ठरलेला असतो, नातीच्या हातातला पन्नासएक डॉलरचा होता. (ह्यांना रुपयांत सांगितलं नाही.) पूर्वी म्हणे कोरियात फुगे असायचे. एका गटाचे पांढरे, एकाचे पिवळे, एकाचे आकाशी. आता दिव्यांचा जमाना. मला वाटलं होतं नुसता आरडाओरडा असेल, तर तसं मुळीच नाही. कुठल्या ओळीनंतर प्रेक्षकांनी काय ओरडायचं, मुलांची नावं कुठल्या क्रमानं घ्यायची, कुठे गप्प राहायचं, सगळं बांधलेलं. अर्थ ठाऊक असणारे थोडे आणि स्पष्ट म्हणणारे सगळे, असा प्रकार मी फक्त मंत्रपुष्पांजलीच्या वेळी पाहिला आहे.

नातीच्या गटाचं नाव सांगत नाही, माझा उच्चार चुकतो म्हणून तिनं बंदी घातली आहे. ती मुलं आली. मधला मुलगा देखणा, त्याच्यावर कॅमेरा, त्याच्यावर किंकाळ्या. माझं लक्ष मात्र डाव्या कडेच्या उंच मुलाकडे गेलं. पाऊल एकदाही चुकलं नाही. गाण्यात वाट्याला दीड ओळ. "नऊ सेकंद," नात म्हणाली. कुणाला किती सेकंद मिळतात ते ह्या पोरी मोजतात आणि कमी मिळाले तर हळहळतात. गाणं संपल्यावर बाकीचे हात हलवत पुढे गेले आणि हा मागे वळून दुसऱ्या एकाचा सुटलेला माइकचा पट्टा नीट करत बसला.

असे मुलगे मी ३३ वर्षं पाहिले आहेत. मागच्या बाकावर बसतात, वही स्वच्छ असते, हात वर करत नाहीत. वार्षिक समारंभात पडदा ओढायचं काम ह्यांच्याकडे असतं. निकालपत्रावर 'समाधानकारक' एवढाच शेरा मी त्यांना दिला, कारण दुसरं काही लिहायला त्यांनी कधी निमित्तच दिलं नाही. एवढ्या गर्दीत मी एकटीच त्या मुलाचं नाव विचारत होते. नातीनं नाव सांगितलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "ओके आज्जी. कळलं."

दिवसभर लोकांच्या फोनवर वादळाच्या सूचना येत होत्या. दक्षिण कॅलिफोर्नियाला असला इशारा पहिल्यांदाच मिळाला होता आणि सगळे घाबरलेले होते. रविवारी पाऊस आला. आमच्याकडच्या श्रावणाच्या मानानं बेताचा, पण त्या लोकांचं कौतुक म्हणून मी खिडकीत उभी राहिले. दुपारी वर आणखी भूकंप झाला, ५.१ चा. भांडी किणकिणली. मी देवाचं नाव घेतलं. नात टेबलाखाली गेली, ती फोटोकार्डांची फाइल पोटाशी धरून.

पुढच्या संक्रांतीला सांगलीत मी मण्यांची कडी लुटली. आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्या बायकांच्या मनगटांवर ती अजून आहेत.

आता एक कबुली. त्या शनिवारी निघताना नात पाणी प्यायला गेली होती, तेवढ्यात मी दोन अल्बम घेतले. शक्यता मला तोंडपाठ होती. दोन्हींतून तो मधला देखणाच निघाला. कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात आहेत, कोपरे शाबूत आहेत. डाव्या कडेच्या उंच मुलाचं कुणाकडे जास्तीचं असेल तर बदलाबदली करायला मी तयार आहे. वर आवळासुपारी देईन.